उताणं ठेवलेलं हाउसिंग

आमचं वर्कशॉप मेहकरला, गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून आहे. पुढे पत्र्याचं शेड, त्यात लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग. मागे दोन बिऱ्हाडं, एक आमचं आणि एक माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं. शेड आणि माझं सैपाकघर यांच्यात एकच भिंत आहे आणि त्या भिंतीतलं दार दिवसभर उघडं असतं. शेडमध्ये कोण काय बोललं ते सगळं मला एकोणीस वर्षं ऐकू येत आलं आहे. मी मात्र या उन्हाळ्यापर्यंत त्या दाराच्या पलीकडे कधी मोठ्याने बोलले नव्हते.

माझं माहेर सुलतानपूरचं, मडकी घडवणाऱ्याचं घर. चौथी झाली आणि शाळा सुटली. वडील म्हणाले, घरात बस म्हणण्यापेक्षा भट्टीवर बस. भट्टी उघडली की एकेक मडकं हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवायचं आणि गोल फिरवायचं, हे माझं काम. पक्कं मडकं सगळीकडे सारखं वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. एका अंगाला पातळ झालेलं मडकं ओळखणं अवघड, कारण तेही खणखणीतच वाजतं, फक्त त्या एका जागेवर बोट आलं की आवाज थोडा वर जातो आणि लगेच विरतो. चांगलं मडकं मी उताणं ठेवायची आणि खोट असलेलं पालथं. वडील नुसतं बघत आणि गाडीत भरत. दोघांनाही तोंड उघडावं लागत नसे. मला माणसांपुढे बोलायची पहिल्यापासून भीती, म्हणून ते काम मला फार आवडायचं.

सासरही मडक्यांचंच होतं, पण सासऱ्यांनी चाक सोडून जुना लेथ विकत घेतला होता. मी आले तेव्हा ते नव्हते. लेथ भासरे चालवत. नवरा खोल-फिट करायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायचा. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर पदर घेऊन असते आणि त्यांच्याशी बोलत नाही. तेही तिच्याशी बोलत नाहीत. ते घरात यायच्या आधी खाकरायचे, मी आत सरकायची. काही सांगायचंच झालं तर ते जावेला सांगायचे आणि जाऊ मला. यात राग-लोभ काही नव्हता. उलट माझ्यासारखीला ते सोयीचंच होतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर होता, आजही आहे. त्यांचा हात इतका स्थिर होता की लेथवर उभे राहिले की डोळ्याची पापणीसुद्धा हलत नाही असं वाटायचं.

दुपारी घरचं आवरलं की मी शेडच्या मागच्या कोपऱ्यात बसून सुटे भाग डिझेलमध्ये धुवायची. त्यातच टर्बो यायचे. ट्रक आणि मोठ्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला हवा कोंबून देणारं हे यंत्र असतं. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराने फिरतो, आणि तो फिरला की दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून इंजिनात ढकलतो. दोन्ही पंखे गोगलगायीच्या शंखासारख्या आवरणात बसलेले असतात. त्या आवरणाला सगळे हाउसिंग म्हणतात. हवेच्या बाजूचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं, हलकं.

एकदा असंच एक हाउसिंग धुऊन झाल्यावर मी सवयीने पान्ह्याच्या दांडीने वाजवलं आणि फिरवलं. एका जागी आवाज वर गेला. नवरा जवळच होता. मी हळूच म्हटलं, "हे या अंगाले पातळ लागून राह्यलं."

तो हसला. "आली डॉक्टरीण! नाडी पाहून राह्यली काय त्याची?"

पण त्याने कॅलिपर लावून जाडी मोजून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ते हाउसिंग भंगारात टाकलं. त्या दिवसापासून आमची रीत पडली. मी धुवायची, वाजवायची, आणि माहेरच्यासारखं ठेवायची, चांगलं उताणं, खोटीचं पालथं. नवरा येऊन बघायचा आणि भावाला सांगायचा, "दादा, हे नको घेऊ, पातळ वाटते." तो माझं नाव घेत नसे. मलाही ते नकोच होतं.

मोठा पंखा बसवायचं काम आमच्याकडे कसं सुरू झालं ते सांगायला हवं. कोणाला इंजिनाचा जोर वाढवून हवा असला की तो भंगार बाजारातून मोठ्या गाडीच्या टर्बोचा पंखा आणायचा. तो जुन्या हाउसिंगमध्ये बसत नाही. मग ते हाउसिंग लेथवर बांधून आतून कोरायचं, पंख्याच्या पात्यांचा जसा बाक असेल तसाच बाक आत काढायचा. पंखा आणि भिंत यांच्यात जेमतेम कागदाच्या दोन-तीन पदरांएवढी जागा ठेवायची. जास्त सुटली तर जोर येत नाही, कमी झाली तर पातं भिंतीला घासतं. पंखा मिनिटाला लाखभर फेरे घेतो असं नवरा सांगायचा. इतक्या वेगात घासलं तर पंखा वितळत नाही, फुटतो.

शिवाय मोठा पंखा जड असतो. त्याचा तोल दांड्यावर तपासायला वेगळं मशीन लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. नवरा दोन पट्ट्यांच्या धारेवर दांडा ठेवून हाताने फिरवून बघायचा, तेवढंच. जड पंख्याचा दाब आतल्या बेरिंगवर येतो, बेरिंग झिजलं की दांडा पुढेमागे सरकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाउसिंगची भिंत. ओतकाम करताना ती सगळीकडे सारख्या जाडीची आलेली नसते, कुठे जाड असते तर कुठे पातळ. कंपनीने केली तेवढ्या मापाला ती पुरते. पण लेथला हे माहीत नसतं, तो सगळीकडे सारखंच गोल कोरतो. जाड बाजू जाडच राहते, पातळ बाजू अजून पातळ होते. आत काही फुटलं तर तुकडे अडवायला तीच एक भिंत असते.

हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण चार-पाच कामं चांगली झाली, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, आणि मेहकरचे दोघे भाऊ पंखा बसवून देतात अशी बातमी गावोगाव गेली. भासऱ्यांना त्याचं कौतुक वाटायचं. त्यांच्या हाताला साजेसं काम होतं ते.

तो माणूस आला तो दिवाळीच्या आधी, सोयाबीन निघत होतं तेव्हा. जवळच्याच एका खेड्यातला, पस्तिशीचा. त्याच्या ट्रॅक्टरवर हडंबा चालायचा, म्हणजे मळणीचं मोठं यंत्र. हंगामात तो गावोगाव जाऊन लोकांचं सोयाबीन काढून द्यायचा. नवा मोठा हडंबा घेतला होता आणि त्याच्या ओझ्याखाली ट्रॅक्टर दबत होता. पंखा त्याने गमछ्यात बांधून आणला होता. ट्रॅक्टर तो आदल्या दिवशीच शेडपुढे लावून गेला होता. त्याचा टर्बो नवऱ्याने उतरवून ठेवला होता आणि दुसऱ्या एका गाडीचं सामान आणायला नवरा सकाळच्या बसने मलकापूरला निघून गेला होता. जाताना भावाला म्हणाला, "कोरून ठेव, फिटिंग म्या आल्यावर करतो."

माणूस मोठा गमत्या होता. लेथजवळ स्टूल घेऊन बसला आणि त्याचं तोंड काही बंद होईना.

"दादा, असा बसवा का शिट्टी वाजली पाह्यजे. शेजारच्या गावचा म्हणे, तुह्या ट्रॅक्टरले दमा झाला."

"ट्रॅक्टर हाय बे तो, इमान नाही," भासरे म्हणाले.

"उडाला त उडाला. तुमाले मांग बसवून नेतो पुण्याले."

"पहिले सोयाबीन काढ. मंग पुण्याले जाय."

भासरे हसत होते. ते सहसा हसत नसत. मी आतून ऐकत होते आणि मलाही हसू येत होतं.

कोरणं झालं. भासऱ्यांनी पंखा बसवून बोटाने फिरवला, कुठे घासलं नाही. त्यांनी हाउसिंग माझ्या धुण्याच्या घमेल्याजवळ ठेवलं, खाकरले, आणि हात धुवायला बाहेर गेले. मी पदर घेऊन कोपऱ्यात बसले, आतला कचरा धुतला आणि पुसून वाजवलं.

आवाज वर गेला. हवा बाहेर पडायचं तोंड जिथून सुरू होतं, तिथेच थोडं वर, दोन बोटांएवढ्या जागेत. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तसाच. अंगठा ठेवला तर ती जागा दिसायला बाकीच्यासारखीच. पण मला शंका राहिली नव्हती.

तो माणूस स्टुलावरून माझ्याकडे बघत होता. "काय वयनी, पक्कं हाय ना मडकं?" त्याला कुठूनतरी कळलं होतं आम्ही मूळचे कोण ते. चेष्टा साधीच होती. मी लाजले आणि मान खाली घातली.

पालथं ठेवायला हवं होतं. हात तिथपर्यंत गेलाही. पण ते काम भासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं, गिऱ्हाईक समोर बसलेलं. मी ते पालथं घालणं म्हणजे तीन तासांचं त्यांचं काम परक्या माणसासमोर वाईट ठरवणं, असं मला वाटलं. आमची खूण फक्त नवऱ्याला आणि मलाच ठाऊक आहे असं मी समजत होते. फिटिंग नवरा आल्यावरच होणार होतं. रात्री त्याला सांगू, तो भावाला आपलं म्हणून सांगेल, कोणाचा मान जाणार नाही. असा विचार करून मी ते उताणं ठेवलं आणि भाकरी टाकायला आत गेले.

तव्यावर दुसरी भाकरी होती तेव्हा शेडमधून आवाज आला. "दादा, तुमीच लावून द्या ना. उद्या सकाळी हडंबा लावायचा हाय, मजूर सांगून ठेवले."

भासऱ्यांची पावलं माझ्या घमेल्यापाशी आली. मग नटावर पान्हा फिरायचा आवाज येऊ लागला.

मी तवा उतरवला. दारापाशी गेले. तिथून सहा-सात पावलांवर ते पाठमोरे उभे होते. मला फक्त म्हणायचं होतं, थांबा. जाऊ त्या दिवशी बाजारात गेली होती, नाही तर तिला सांगितलं असतं. मी आत येऊन नवऱ्याला फोन लावला. लागला नाही. मी एकदाच लावला.  बहुतेक मला वाटलं असावं की लागला तरी मी काय सांगणार, आणि तो तिकडून काय करणार. ट्रॅक्टर सुरू झाला. शिट्टी वाजली, खरंच सुंदर वाजली. तो माणूस ओरडला, "आता बोल म्हणा कोणाले दमा झाला!" आणि गेला.

नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "किती पातळ?"

"खूप."

"कॅलिपर लावला दादानं?"

"नाही पाह्यलं म्या."

तो म्हणाला, उद्या हडंबा चालेल, परवा जाऊन उतरवून आणू, एक-दोन दिवसांनी काही होत नाही. मला तेवढाच आधार हवा होता. मी लगेच मानलं.

परवाचा दिवस उजाडला आणि ट्रकचं एक घाईचं काम आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

हडंबा चांगला चालला होता. आधीपेक्षा लवकर रास पडत होती. जेवणाच्या सुट्टीत बाजूच्या वावरातले लोक बघायला आले, तेव्हा त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चढवलं आणि शिट्टी ऐकवायला स्वतः कान लावून वाकला. पंख्याचं पातं भिंतीला लागलं असणार. पंखा फुटला आणि एक तुकडा भिंत फोडून बाहेर आला. त्याचा उजवा डोळा गेला.

नवऱ्याने तो टर्बो नंतर आणला. गोणपाटात गुंडाळलेला होता. मी तो उघडला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. हाउसिंगला भोक पडलं होतं. तोंडाच्या थोडं वर, दोन बोटांएवढं. मी त्यावर अंगठा ठेवला नाही. टर्बो तसाच गुंडाळून ठेवला.

भासरे दवाखान्यात आठ दिवस त्याच्या पायाशी बसून होते. त्याच्या घरच्यांनी तक्रार केली नाही. तो स्वतःच म्हणाला म्हणे की मीच घाई केली. पण भासरे परत आले ते लेथला हात न लावण्याच्या बोलीवर. "माहा हात गेला," एवढंच म्हणाले. तेव्हापासून ते शेडच्या पुढच्या बाजूला बसून नांगराचे फाळ वेल्डिंग करतात. लेथ नवरा चालवतो, बेताचीच कामं घेतो. टर्बो आम्ही बंद केले.

लोक भासऱ्यांना समोर काही म्हणत नाहीत. पण गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, लेथवर कोण आहे, तुम्ही की धाकटे? मी हे आतून ऐकते. प्रत्येक वेळी ऐकते. ते उत्तर देतात, "धाकटा हाय, धाकटा हाय, या," आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घेतात.

दोन वर्षं मी गप्प होते. माझं मलाच समजावत होते की भिंत त्यांनी कोरली, मापून त्यांनी पाहायला हवं होतं, पंखा त्या माणसाने आणला, परवावर नवऱ्याने टाकलं. हे सगळं खरंही आहे. त्या दिवसांत मला ही सगळी खरी कारणं फार उपयोगी पडली.

मग या उन्हाळ्यात एका दुपारी दोघा भावांचं शेडमध्ये वाजलं. कोणीतरी पुन्हा मोठा पंखा घेऊन आलं होतं आणि नवरा भावाला गळ घालत होता.

"दादा, तू नुसता उभा राह्य. तुह्या हातासारखा हात नाही या भागात."

"नाही म्हटलं ना बे."

"किती दिवस असा फाळ जोडत बसशीन? चुकते माणूस."

"चुकलं म्हणूनच बसलो."

"एक डाव चुकला. त्याच्या आधीचे पाच चांगले गेले का नाही?"

"ते पाच काऊन चांगले गेले, तुले मालूम नाही?" भासऱ्यांचा आवाज चढला. "तू म्हणे, दादा हे पातळ वाटते. तुले काय वाटते बे? तुले जाड-पातळ समजत नाही. तुही बायको पालथं घाले अन् तू येऊन मले सांगे. मले काय डोळे नव्हते? त्या दिवशी तिनं उताणं ठेवलं, म्हणून त म्या फिट केलं. नाही त तू येईपर्यंत हातही लावला नसता."



मग भासरे खालच्या आवाजात म्हणाले, "तिले सांगू नको हे. तिलेही नसन समजलं त्या दिवशी. होते कधी कधी."

मी पिठात हात घालून उभी होते. त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्यापासून. माझ्या कानावर त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा जास्त भरवसा ठेवला होता. मी त्यांचा मान राखायला उताणं ठेवलं, आणि त्यांनी ते खरं मानलं. दोन वर्षं ते मला वाचवत होते, मला कळलंच नसेल असं समजून. त्यांचा राग मी सोसला असता. ते "नसन समजलं" मला सोसवलं नाही.

त्याच दिवशी, नवरा ते गिऱ्हाईक वाटेला लावायला गेला तेव्हा, मी दारात जाऊन उभी राहिले.  भासरे फाळ घासत होते. मी म्हटलं, "दादा."

त्यांनी वळून पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना हाक मारली होती.

"मले तवाच समजलं होतं. पातळ होतं ते."

त्यांच्या हातातली घासणी थांबली. रस्त्यावरून एक एसटी गेली. मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मंग पालथं काऊन नाही घातलं, बाई?"

"तुमचं काम होतं."

 मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "माहं काम," ते म्हणाले, "माह्या कामाले कोणी पालथं घालणारं होतं, म्हणूनच त ते काम होतं." आणि गमछा खांद्यावर टाकून बाहेर निघून गेले. रात्री परत आले तेव्हा नेहमीसारखे खाकरले.

नवऱ्याला मी सांगितलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, दादाला सांगितलंस तेवढं पुरे, आता आणखी कोणाला सांगत सुटू नको, झालेली गोष्ट उकरून त्याचा डोळा येणार आहे का? ते बरोबर होतं. पण घाई आपली म्हणत असला तरी तो माणूस भासऱ्यांचा हातही वाईटच समजत होता. गावात तसंच सांगत होता, रागाने नाही, हसत हसत, त्याच्या स्वभावाप्रमाणे. आणि ते खोटं होतं.

मागच्या महिन्यात तो पेरणीयंत्राचा एक भाग जोडून घ्यायला आला. काळा चष्मा लावलेला. भासरे घरी नव्हते, नवरा लेथवर होता. मी बाहेर गेले. पदर नीट घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"काय वयनी," तो म्हणाला, "आता कशी घर सोडून बाहेर?"

मी पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. आवाज कुठे वर गेला, मी काय ठेवलं, का ठेवलं, फोन एकदाच लावला, नवऱ्याला रात्री सांगितलं. नवऱ्याने लेथ बंद केला. तो तिथेच उभा राहिला, माझ्याकडे आला नाही आणि मला थांबवलंही नाही.

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मी त्याला चेष्टा करताना पाहिलं होतं, दवाखान्यातून आल्यावरही. असा कधी पाहिला नव्हता.

"मी तिथंच बसलो होतो," तो म्हणाला. "तुमच्या समोर. दोन हातावर."

"हो."

"म्या विचारलंही होतं तुमाले. पक्कं हाय ना म्हणून."

"हो."

"मंग? तोंड नव्हतं काय तुमाले?"

 लाज वाटली म्हणून त्या दिवशी बोलले नाही, हे एका डोळ्याच्या माणसाला सांगायचं कसं. त्याने चष्मा काढला नाही, त्यामुळे तो त्यामागे रडत होता की संतापला होता, मला नीट समजलं नाही. मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "तुमाले दोन दिवस मालूम होतं. दोन दिवस." आणि मोटरसायकल काढून निघून गेला. त्याचा तो लोखंडी भाग इथेच राहिला. दोन दिवसांनी दुसरंच कोणीतरी येऊन घेऊन गेलं.

 नवरा म्हणाला, "झालं समाधान?" समाधान झालं नव्हतं. मी खोटं बोलणार नाही, हलकं काही वाटलं नाही. आधी एक माणूस हसून बोलत होता, तो आता बोलेनासा झाला, एवढंच झालं असं वाटत होतं.

पण पुढच्याच बाजारच्या दिवशी तो आला. शेडच्या पुढे मोटरसायकल उभी केली आणि भासऱ्यांजवळ बसला. मी आतून ऐकत होते. बराच वेळ दोघंही पावसापाण्याचं बोलले. मग तो म्हणाला, "दादा, म्या तुमच्याबद्दल लय ठिकाणी लय काही बोललो."

"बोलू दे रे."

"नाही. आता ज्याले सांगितलं त्याले उलटं सांगून राह्यलो."

"कोणाचं काही सांगू नको," भासरे म्हणाले. "भिंत म्याच कोरली. मापून म्याच पाह्यलं नाही."

"ते हाय. पण तुमाले कोणी सांगितलंही नाही."

 तो आणखी थोडा वेळ बसला. जाताना उठला तेव्हा मी दारात होते. त्याने मला पाहिलं आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं.

आता तो बाजारच्या दिवशी येतो आणि भासऱ्यांजवळ बसतो. नवऱ्याशी कामापुरतं बोलतो, माझ्याशी बोलत नाही. त्याच्या बायकोने मला एकदा रस्त्यात पाहून ओळख दिली नाही. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. विचारायला पुन्हा त्याच्यासमोर उभं राहावं लागेल. मी आता राहू शकते, बोलूही शकते. पण आता त्याला मी समोर नको आहे.